फरशीवरचं खोरं

"फळा भिंतीवर आहे, पण आपलं खोरं काही भिंतीवर नाही," असं म्हणून रेश्माने खडू उचलला आणि ती सरळ फरशीवर बसली. चौथीची सव्वीस पोरं बाकांवरून उतरून तिच्याभोवती गोळा झाली.

मागच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या मनीषने कागदावर पहिलं शून्य टाकलं. तो शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या पुण्यातल्या ऑफिसातून आला होता. त्याच्या कागदावर दहा रकाने होते आणि पहिलाच होता 'फळ्याचा वापर'. डेमोला, म्हणजे नमुन्याच्या पाठाला, वीस मिनिटं. मोबाइलवर गजर लावून त्याने तो समोर उभा करून ठेवला होता.

शेजारी मुख्याध्यापिका उज्वलाताई बसल्या होत्या. चौथीच्या बाई दिवाळीच्या सुट्टीत हिंजवडीकडच्या शाळेत गेल्या त्या गेल्याच. सोमवारपासून कोणीतरी हवंच होतं. रेश्माने सकाळी मुलाखतीत स्पष्टच सांगितलं होतं, "इथं नाही झालं तर एका कंपनीत रिसेप्शनला बसायचं ठरलंय. पण मला शिकवायचंय हो." उज्वलाताईंना ती तेव्हाच आवडली होती. पण त्यांच्या आवडीला कोण विचारतो? शेवटचा शब्द शाळा समितीचे अध्यक्ष दादासाहेबांचा. ते पलीकडे पांढरी टोपी मांडीवर ठेवून बसले होते.

कोळवणच्या खोऱ्यात अजून धुकं होतं. खिडकीबाहेर काहीच दिसत नव्हतं, कुठेतरी भात झोडल्याचा आवाज तेवढा येत होता. फरशीवर नदी उमटली, मग देऊळ, एसटीचा थांबा, डोंगर, शाळेचा चौकोन आणि या सगळ्यांमधून जाणारी वाट. रेश्मा कुठे बघून काढत नव्हती. पायांना पाठ असावं तसा तिचा हात चालत होता.

"आता आपापल्या घरी जाऊन उभे राहा."

पोरं खुशीत निघाली. नदीवरून उड्या मारत, देवळाला वळसा घालत जो तो आपल्या घरी पोचला. गलका नाही की ढकलाढकली नाही. पाहता पाहता उज्वलाताईंना वाटलं, आपण तिकोना गडावर बसलोय आणि खाली सगळं खोरं जागं होतंय. मनीषचंही पेन थांबलं होतं.

एकटी शारदा मधेच उभी होती.

"बाई, मी कुटं ऱ्हाऊ? आमी बंगलं राखतो. मालकानं बंगला इकला की आमचं घर बदलतंय."

"मग तू उभी राहू नकोस," रेश्मा म्हणाली. "तू चालत राहा."

शारदा चालू लागली. पावलापुढे पाऊल ठेवत, खडूच्या वाटेवरून, झोपेत चालावं तशी. शाळेजवळ आली आणि थांबली.

"हितं वाट वाकडी का केलीया?"

"तेव्हा शाळा नव्हती गं. हितं भाताचं खाचर होतं. मी तुझ्याएवढी होते, आमची शेरडं घेऊन आमी ह्याच वाटेनं जायचो." रेश्मा नकळत घरच्या बोलीवर आली होती. "पण खाचराचे मालक बांधावर पाय ठेवू द्यायचे न्हाईत. मग लांबनं वळसा घालायचो."

"आन् न्हाई घातला तर?"

"तर धोंडे मारायचे. एकदा आमच्या आबांच्या पाठीत बसला."

"कोण व्हतं त्ये?"

"नाव न्हाई ठाऊक. लांबनं पांढरा फेटा तेवढा दिसायचा."

उज्वलाताईंनी चमकून दादासाहेबांकडे पाहिलं. ते खाचर दादासाहेबांचं. त्यांनीच ते शाळेला दिलं होतं आणि नावाची पाटी लावायला मात्र साफ नकार दिला होता. पाटीच नाही, तर हिला कसं कळणार? गेली ही पोरगी, ताई मनात म्हणाल्या, आणि त्यांना खरोखर वाईट वाटलं.

मोबाइलचा गजर वाजला. तो बंद करायचं मनीषला सुचलं नाही. वाजून वाजून आपणच थांबला.

दादासाहेब उठले. वहाणा बाकाखाली काढल्या. रेघा पुसू नयेत म्हणून जपून पाय टाकत ते खोऱ्यात उतरले. पोरांनी आपापल्या घरातूनच त्यांना वाट दिली. शाळेच्या चौकोनात येऊन ते उभे राहिले.

"त्यो फेटा माझा," ते म्हणाले.

रेश्माच्या हातातला खडू थांबला. ती उठून उभी राहिली. तिने मान खाली घातली नाही, आणि बोललेलं मागेही घेतलं नाही. धुक्यात भात झोडायचा आवाज तेवढा चालू होता.

मोठ्यांचं काय चाललंय याच्याशी शारदाला काही देणंघेणं नव्हतं. तिने रेश्माचा पदर ओढला.

"बाई, समदी उभी ऱ्हायली. तुमी कुटं उभ्या ऱ्हाणार?"

रेश्माने उज्वलाताईंकडे पाहिलं. ताईंनी दादासाहेबांकडे पाहिलं.

दादासाहेब चौकोनात जरासे बाजूला सरकले. त्यांनी एकदा स्वतःच्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

"हितं या, बाई," ते म्हणाले. "वळसा नका घालू, खाचरातनं या. सोमवारी बी तशाच या."