पहिल्यासारखे

माझ्या नवऱ्याचं बोलणं बदललं, म्हणून आमच्या देवव्रतने बाबांचे जुने-नवे व्हॉइस मेसेज घाटकोपरच्या मेंदूच्या डॉक्टरांना दिले. जुन्यांत मला घातलेल्या शिव्या होत्या. नव्यांत, "कुंदा, जेवलीस का गं?"

कॉम्प्युटरने दोन्ही ताडून पाहिले. डॉक्टर म्हणाले, "मेंदूचा आजार आहे. हे अचानक गोड बोलणं त्याचंच लक्षण. पण वेळेत आलात. गोळ्या चुकवल्या नाहीत तर पुन्हा पहिल्यासारखे बोलतील."

देवव्रतचे डोळे भरून आले. "आई, बाबा परत मिळतील आपल्याला."

"गोळ्या माझ्याकडे दे," मी म्हटलं. "मीच देत जाईन."



घरी येऊन पहिली गोळी बेसिनमध्ये टाकली आणि नळ सोडला, तेवढ्यात आतून आवाज आला, "कुंदा, जेवलीस का गं?"