भरती

प्रांजल ट्रेकला सत्तरीच्या आजीला घेऊन आली, तेव्हा ट्रेक नेणाऱ्या हर्षालीच्या कपाळाला आठीच पडली. घाटावरच्या बेल्ह्याकडची ही मेंढरं राखणारी बाई कोकणातल्या कड्याखालच्या खडकांवरून चालणार कशी? पण तुकाबाई अनवाणी पायांनी तरण्या पोरांच्याही पुढं राहिल्या.

दुपारी सगळ्यांनी पाण्यालगतच्या सपाट खडकावर डबे उघडले. तुकाबाई मात्र उभ्याच.

"पोरी, हितं नगं. खडकाला शिंपल्या चिकटल्यात, म्हंजी पाणी हितवर चढतं. मघाधरनं लई पुढं आलंय."

भरतीला अजून वेळ होता, असं हर्षालीचं गणित. तरी मनात शंका नको, म्हणून तिनं सगळ्यांना कड्यावर चढवलं. अर्ध्या तासात तो खडक लाटांखाली गेला, परतीची खालची वाटही बुडाली. हर्षालीनं मोबाइल काढला. भरती-ओहोटीच्या वेळापत्रकात तिनं आजच्याऐवजी उद्याची ओळ वाचली होती.

तिनं वाकून तुकाबाईंच्या पायाला हात लावला. "आजी, समुद्रावर नेहमी येता का हो?"

"न्हाई गं, आज पयल्यांदाच बघितला," तुकाबाई लाटांवरची नजर न काढता म्हणाल्या. "म्हणून तर सकाळधरनं त्याच्याकडंच बघतीया."