पुन्हा नाइन्टी फाइव्ह

“परत विंडोज नाइन्टी फाइव्ह?” मितेशने खांद्यावरची बॅग उतरवलीच नाही. “काका, शुक्रवारी तुम्हीच सांगितलं म्हणून मी नाइन्टी एट टाकून गेलो.”

“सांगितलं होतं खरं,” ज्ञानदेव खिल्लारे म्हणाले. “पण मेहुण्याच्या प्रेसमधलं मराठी टायपिंग त्याच्यावर चालत नाही. जुनीच बरी.”

“त्याच्या आधी जुनीच होती ना? मीच टाकलेली.”

“हो ना. बसा, मितेशभाई.”

पेणकरपाड्यातली ती एकच खोली. पलंगाला लागून कॉम्प्युटर ठेवलेला. ज्ञानदेवांची कंपनी बंद पडली तेव्हा हातात आलेल्या पैशांतून घेतलेला, अजून महिनाही झाला नव्हता. दाराशी उजेडात त्यांची बायको वैजयंता ताटात खोटे मोती घेऊन बसली होती. भाईंदरच्या एका कारखान्यासाठी ती माळा ओवून द्यायची.

मितेश बसला. भाईंदर पूर्वेला धर्माजी शेठच्या कॉम्प्युटरच्या दुकानात तो सहा वर्षं होता आणि याच कामाला विटला होता. नव्याण्णव साल चालू होतं. नवे कॉम्प्युटर नव्या सिस्टिमचे यायचे आणि स्टीलवाले, प्रेसवाले, ट्रान्सपोर्टवाले सगळे म्हणायचे, आमचा प्रोग्रॅम यावर चालत नाही, जुनी टाकून द्या.

तिकडे वापीला त्याची बायको, तिचं नाव पूर्वी, चार महिन्यांच्या मुलीला घेऊन राहत होती. मुलगी बापाला बघितलं की रडायची. वापीत त्याला नोकरी मिळाली होती, एक तारखेला हजर व्हायचं होतं. पण शेठ म्हणत, “माझ्यासमोर नवी काढून जुनी टाकून दाखवील, असा माणूस दे. मग खुशाल जा.” चार जण आले नि नापास झाले. एकाने तर आत काय आहे ते न बघताच सगळं पुसून टाकलं. शेठनीच मितेशला हे काम शिकवलं होतं. त्यांना तसंच टाकून जाणं त्याच्या जिवावर येत होतं.

हे सगळं त्याने पहिल्या खेपेला इथेच, चहा पिता पिता सांगितलं होतं.

“आत काही ठेवलंय का, काका? पुसलं की गेलं.”

“काही नाही. पण थांबा, हे आधी विचारायचं ना?” ज्ञानदेवांनी वहीत लिहिलं. “आणि मग फ्लॉपी?”

मितेशचा हात थांबला. त्याने वही ओढून घेतली. तिन्ही खेपांच्या तारखा, खाली एकेक पायरी.

“काका, खरं बोला. मेहुण्याची प्रेस आहे?”

“मेहुणा आहे,” ज्ञानदेव म्हणाले.

दाराशी वैजयंता हसली.

“शेठच्या नोकरीसाठी शिकताय!” मितेश म्हणाला. “मग सरळ विचारायचं ना.”

“या वयात कोण शिकवतं, मितेशभाई?”

“मी शिकवतो! शनिवारी शेठ परीक्षा घेतील, तोवर रोज येतो. माझीच गरज आहे, काका.”

आणि तो रोज आला. दुकान उघडायच्या आधी, सकाळी सातला. ज्ञानदेव एका बोटाने बटण शोधत, सापडलं की दाबायचं विसरत. स्क्रीनवर प्रश्न आला की वाचायच्या आधीच ‘यस’ म्हणत.

“अहो, काय विचारतंय ते तरी बघा,” वैजयंता दारातून म्हणायची. “उद्या घर विकायचं का विचारलं तरी यसच दाबाल.”

“तू मोती ओव.”

“ओवतेय. मितेशभाऊ, चहा आता ठेवू, का ड्रायव्हर टाकून झाल्यावर?”

“झाल्यावर, काकी,” स्क्रीनवरची नजर न काढता मितेश म्हणाला. “काका, हे दुसऱ्यांदा पुसलंत! पहिल्यापासून करा.”

शुक्रवारी जुनी सिस्टिम एकदाची चढली, पण रंगांचा ड्रायव्हर राहिला, म्हणून रंग सोळाच. वॉलपेपरवरच्या बाईचं तोंड हिरवं. ज्ञानदेवांना काही वावगं दिसेना. मितेशने कपाळाला हात लावला. वापीला फोन करून पूर्वीला काय सांगायचं, याचे शब्द तो जुळवायला लागला होता.

“काका, उद्या कसं होणार?”

“होईल,” वैजयंताने दाताने दोरा तोडला. “तुम्ही तिकीट काढून ठेवा.”

शनिवारी शेठनी मितेशला मुद्दामच सकाळी मीरा रोडच्या एका गिऱ्हाइकाकडे पाठवलं. “तू इथे असलास की खुणा करशील,” ते म्हणाले. काम संपवून तो परतला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.

दुकानाबाहेर बाकड्यावर ज्ञानदेव बसले होते. इस्त्रीचा शर्ट, हातात चहाचा ग्लास. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

तेवढ्यात शेठ दारात आले.

“मितेश, कुठून आणलास रे हे रत्न? पहिला सवाल काय, तर शेठ, आत काही ठेवलंय का! सब मेरे सामने किया. एक फाइल इकडची तिकडे नाही. कलर बरोबर, आवाज बरोबर. खिल्लारे पास! सोमवारपासून कामावर. जा तू वापीला, बेटीचं तोंड बघ.”

मितेशने ज्ञानदेवांचे दोन्ही हात धरले, चहा सांडला तरी सोडले नाहीत.

“काका, कमाल केलीत! काल तर तुम्हाला कलरपण जमत नव्हता!”

“मला आजही जमत नाही,” ज्ञानदेव म्हणाले. “मी हिला सोडायला आलोय.”