गोधडीचा घास

शाळेच्या व्हरांड्यात गोधडी पसरली होती आणि पोरं चारही बाजूंनी धावदोरा घालत होती. कुलथेबाईंनी बजावलं होतं, नवं कापड आणायचं नाही. घरातलं जुनं आणायचं आणि ते कुणाचं हे सांगत जोडायचं. त्यामुळे हर्षलच्या आजोबांच्या धोतराला कुणाच्या तरी बारशातलं झबलं चिकटलं होतं. वैजंताला वाटे, ही सगळी माणसं उन्हात एकमेकांना बिलगून झोपलीत.

तिच्या घरचं तेवढं कुणी त्यात नव्हतं. "आमच्याकडं जुनं काही नाही, बाई," ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "सगळं अंगावरच आहे." तेव्हापासून ती नुसती सुया ओवून देत होती.

शेवटचा कोपरा शिवायला बाईंनी सुई टोचली, तशी वैजंता ओरडली, "थांबा बाई! उपाशी शिवू नका तिला."

सगळे बघतच राहिले. ती कानकोंडी झाली. "आई लोकांच्या गोधड्या शिवते ना, तेव्हा कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालते. गोधडीचं पोट भरलं की ती ऊब देते, म्हणते."

बाईंनी सुई तिच्याच हातात दिली. वैजंताने डब्यातल्या भाकरीचा पापुद्रा मोडला, आत सरकवला आणि कोपरा शिवून टाकला.

मग सगळी पोरं गोधडीखाली शिरली. आत झिरपणारं ऊन रंगीत झालं होतं. जो तो आपला तुकडा शोधू लागला.

"तुझा कुठला गं?" हर्षलने विचारलं.

वैजंताने कोपऱ्यावर गाल टेकला. डोळे मिटता मिटता म्हणाली, "माझा आत आहे."