बाहेरचा कान

होडीच्या सुकाणूभोवती लेकीनं कॅनव्हासची खोलीच शिवली होती. वर छत, तीन भिंती, पुढे पारदर्शक खिडकी. आत पायाशी गरम पाण्याची पिशवी, मांडीवर जाड ब्लँकेट आणि मधोमध म्हातारा, अंड्यातल्या पिल्लासारखा.

"पलीकडच्या धक्क्यापर्यंत नीट न्या, बाबा," शिडं शिवणाऱ्या लेकीनं निघतानाच बजावलं होतं. "मागच्या थंडीत छाती भरली, तसं पुन्हा नको. एवढं करूनही जमलं नाही, तर परतीपासून सुकाणू ह्यांच्याकडे. कायमचं."

'हे' म्हणजे जावईबापू. डोलकाठीपाशी कुडकुडत बसले होते, पण चेहरा नवरदेवासारखा फुललेला.

आत इतकी ऊब, की म्हाताऱ्याच्या मिशांना घाम फुटला. मागून, उजव्या अंगानं येणारा वारा गुपचूप डावीकडे सरकला. म्हाताऱ्याला पत्ताच नाही! शिडाचा वासा धाडकन या अंगावरून त्या अंगाला गेला. जावईबापू वाकले म्हणून वाचले. टोपी मात्र सगळ्यांच्या आधी धक्क्याकडे निघाली.

"बाबा! वारा फिरला, कळलं नाही?"

"कळणार कसं? चाळीस वर्षं वारा माझ्या कानाला विचारून शिडात शिरतोय. तो कानच तू घरात कोंडलास!"

यात अर्धी थाप होती. उरलेल्या अर्ध्यावर होडी चाळीस वर्षं सुखरूप घरी येत होती.

म्हाताऱ्यानं चाकू काढला आणि लेकीच्या पंधरा दिवसांच्या शिवणाला डावीकडे, कानाच्या उंचीवर, भोक पाडलं.

"काय केलंत हे!"

उत्तरादाखल भोकातून कान बाहेर आला. तो सशाच्या कानासारखा वळत होता, असं जावईबापू आजही शपथेवर सांगतात. वारा आणखी दोनदा फिरला. दोन्ही वेळा सुकाणूचा दांडा आधी हलला, वारा नंतर फिरला. होडी धक्क्याला टेकली ती इतकी अलगद, की खांबावर डुलकी घेणाऱ्या पक्ष्यानं डोळासुद्धा उघडला नाही.

जावईबापू सुकाणू घ्यायला हात चोळत उठले.

लेकीनं बापाच्या छातीवर तळवा ठेवला. कान निखाऱ्यासारखा लाल, बाकी म्हातारा कोरडा आणि उबदार. तिनं आपल्या शिवणकामाच्या पिशवीतून कापडावर खूण करायचा खडू काढला.

"अहो, तुम्ही पुढेच बसा," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि बाबा, परतीला वारा समोरून. नागमोडी जावं लागणार, वारा कधी या अंगानं, कधी त्या. तो दुसरा कान जरा इकडे करा."