कॅसेटची दुसरी बाजू

इंदापूरच्या स्टँडामागं दिग्विजयचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. भर दुपारी संभाजी तिथं शिरला तो डोक्यावर फेटा आणि नाकावर राग घेऊनच.

"दिग्या, आमच्या कॅसेटीवर गेम केलाय म्हणं! मेलेल्या माणसाला नाचवून पोट भरतोस व्हय रं?"

"तात्या, म्या न्हाय केला. मशीनच असं आलंय. बघा की."

पडद्यावर बोटभर बिरू ढोल वाजवत नाचत होता. बिरू म्हणजे संभाजीचा थोरला भाऊ. दोघांच्या धनगरी ओव्यांच्या कॅसेटची एकच बाजू भरली होती. दुसरी भरायच्या आधीच बिरू गेला.

दिग्विजयनं बटणं बडवत पहिला टप्पा पार केला आणि दुसरी बाजू सुरू झाली.

संभाजीच्या अंगाची लाही झाली. "ही ओवी घराबाहेर कुणी ऐकलीच न्हाय! कुठनं चोरली, सुक्काळीच्या?"

"मला काय ठावं? रोज हितंच अडकतंय. त्यो गातो अन् मधीच थांबतो. कुणाची वाट बघतो, देव जाणं."

संभाजीला ठाऊक होतं. बिरूनं ओवी टाकायची आणि संभाजीनं ती झेलायची, जन्मभर असंच चाललं होतं.

बिरूनं ढोल थांबवला. वळून तो थेट दुकानात बघू लागला.

"न्हाय झेलणार! डबड्याफुडं तर मुळीच न्हाय!" संभाजीनं फेट्याचा शेमला स्वतःच्या तोंडात कोंबला.



पडद्यावर बिरूशेजारी दुसरा फेटेवाला उभा राहिला. त्यानं तोंडातनं शेमला हळूच बाहेर काढला आणि संभाजीच्या आवाजात ओवी झेलली.

संभाजीच्या तोंडातला बोळा अजून तिथंच होता.