आरपार वारा

नेबोयशा घरात असला की तो जुना सर्व्हर गुणी बाळासारखा चालायचा. नेबोयशाची पाठ फिरली की तापून बंद पडायचा. तो सर्व्हर विकणाऱ्या वुकोसावला फोन करकरून नेबोयशाने पंखे बदलले, मेमरी बदलली, देवाचं नाव घेऊन सगळ्या वायरीही बदलल्या. ज्यांच्या वेबसाइट त्यावर होत्या, ती गिऱ्हाइकं आता शिव्या द्यायला लागली होती.

शेवटी एक दिवस तो अर्ध्या वाटेतून परत आला. सर्व्हरला पुढून-मागून लोकरीची शाल गुंडाळलेली, आणि आई तिची टोकं नीट खोचत होती.

"आई! अगं, याच्या पोटातून वारा गेलाच पाहिजे!"

"आधीच म्हातारं मशीन, त्यात सारखा आरपार वारा. कण्हतंय बघ कसं! तुझ्या बापाची मान अशाच वाऱ्याने धरली होती. राकिया दारू चोळून चोळून बाटल्या संपल्या. तू हात लावू देत नाहीस, म्हणून तू गेल्यावर घालते."

नेबोयशाने कपाळावर हात मारून घेतला आणि वुकोसावला फोन लावला. वुकोसाव पोट धरून हसला.

"सापडला बाबा बिघाड! शाल काढ आणि मागची बाजू मोकळी ठेव. मागे काही नाही ना?"

"काही नाही. माझी खुर्ची आहे फक्त. वारा थेट मानेवर येतो."

पलीकडचं हसू एकदम थांबलं.

"मानेवर?" वुकोसाव म्हणाला. "गाढवा, ती शाल आधी स्वतःच्या मानेला गुंडाळ आणि काकूंना फोन दे."